आज्जीनं विचारलं, "परत कवा येणार ती?"

पत्र असं आलंय:

"ताई, मी २४ वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. गेलं वर्षभर रात्री जेवणं झाली की एक गोष्ट लिहितेय, दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून, मुदत ऑगस्टअखेर आहे. प्रॉक्झिमा ताऱ्याकडं, म्हणजे सूर्यानंतरच्या आपल्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडं, माणसं घेऊन एक जहाज निघतं, चाळीस जण, त्यात एक मुलगी कोल्हापूरची, तालमीत वाढलेली, कुस्ती खेळणारी. जहाज सहा महिन्यांत पोचतं असं लिहिलंय. साठ पानं झाली. भाऊ इंजिनियर आहे, तो वाचून म्हणाला सगळं चुकीचं आहे, सहा महिने सोड, सहा हजार वर्षं लागतील, फाडून टाक आणि बँकेच्या परीक्षेला बस. मैत्रीण म्हणाली अशा गोष्टीत कोल्हापूर कशाला, लोक हसतील. ते सगळं मी ऐकून घेतलं. पण परवा आज्जीला वाचून दाखवली, ती ७८ वर्षांची आहे, तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, 'परत कवा येणार ती?' मला उत्तरच देता आलं नाही. त्या दिवसापासून एक ओळ लिहिलेली नाही. पुढं लिहू का सोडून देऊ? आणि लिहायचं तर वेग किती धरू, माणसं किती धरू, तेपण सांगा."

— रंकाळ्याजवळची एक

अगं पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा आज्जीच्या त्या एका वाक्याशी येऊन थांबले. सोडून द्यायचं नाही, हे आधी सांगते, बाकीचं मग बोलू. तुझ्या साठ पानांत काय चुकलंय ते भावाला सापडलं नाही, मैत्रिणीला सापडलं नाही, आज्जीला सापडलं. तिनं इंजिन विचारलं नाही, इंधन विचारलं नाही, परत कधी येणार एवढंच विचारलं, आणि तू सहा महिने लिहून ठेवलेस म्हणून तुझ्याकडं उत्तर नव्हतं. सहा महिन्यांत पोचणारी पोरगी म्हणजे पुण्याला नोकरीला गेल्यासारखीच, दिवाळीला येईल, गणपतीला येईल, तिच्यासाठी कुणी दारात उभं राहून रडत नाही. वेग चुकला की नाती चुकतात, खरी अडचण एवढीच आहे. म्हणून तू वेग विचारलास ते बरोबर केलंस, तो आकडा एकदा ठरला की कोण कुणाच्या आधी जाणार, कुणाचं पत्र कुणाला मिळणार, कोण कुणाला कधीच बघणार नाही, हे सगळं त्यातनंच ठरत जातं, तुला डोक्यातनं वेगळं काढावं लागत नाही.

आधी अंतर डोळ्यासमोर आण. सूर्य ते पृथ्वी हे अंतर एक मीटर धर, म्हणजे साधारण एक मोठं पाऊल. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१, माणसानं पाठवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू, सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं जातेय, ती या हिशोबात बिंदू चौकातून निघून आत्ता कुठं १७० मीटरवर आलीय, अंबाबाईच्या देवळापर्यंतसुद्धा पोचलेली नाही. आणि प्रॉक्झिमा? त्याच हिशोबात २६८ किलोमीटर. पुणं मागं टाकून पुढं. व्हॉयेजरच्या वेगानं तिकडं जायला जवळपास ७५ हजार वर्षं लागतील. भावाचे सहा हजारपण अगदी हवेतले नाहीत बरं, पार्कर नावाचं जे यान सूर्याजवळनं जातं त्यानं डिसेंबर २०२४ मधे सेकंदाला १९२ किलोमीटरचा वेग गाठला, माणसानं बनवलेल्या कुठल्याही वस्तूचा आजवरचा सगळ्यात जास्त, आणि तो वेग तसाच टिकला असं धरलं तर प्रॉक्झिमाला साडेसहा हजार वर्षं. म्हणजे आकडा त्याचा बरोबर आहे. फाडून टाक म्हणाला ते मात्र बरोबर नाही.

आणि प्रकाश. किरणोत्सवाला जानेवारीच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरात आपण देवळात गर्दी करून बघतो ना, ते मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गाभाऱ्यात देवीच्या पायावर, मग वर वर सरकतं. ते ऊन सूर्यावरून निघून आठ मिनिटं वीस सेकंद प्रवास करून आलेलं असतं. प्रॉक्झिमाचा उजेड निघाल्यापासून आपल्यापर्यंत यायला सव्वाचार वर्षं. जगात यापेक्षा वेगानं काही जात नाही, त्यामुळं तुझं जहाज सहा महिन्यांत पोचलं तर ते प्रकाशाला आठपट मागं टाकून गेलं असं होतं. ते काढून टाक. शास्त्रवाले नावं ठेवतील म्हणून म्हणत नाही, आज्जीचा प्रश्न गोष्टीत शिल्लक राहावा म्हणून म्हणते.

आता वेग निवड. माझं मत विचारशील तर प्रकाशाच्या दहा टक्के धर. कमी धरलास, एक टक्का, तर सव्वाचारशे वर्षं, म्हणजे निघालेल्यांच्या चौदा-पंधरा पिढ्यांनंतरची माणसं उतरणार, तुझी नायिका पहिल्या प्रकरणातच संपली. खूप जास्त धरलास, म्हणजे सतत पृथ्वीवरच्यासारखं वजन वाटेल इतका जोर लावत अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवला आणि उरलेल्या अर्ध्यात ब्रेक लावला, तर जहाजातल्या माणसांना साडेतीन वर्षांच्या थोडं वर लागतं आणि पृथ्वीवर सहा वर्षं जातात, हिशोब खरा आहे पण एवढी ताकद देणारं इंधन कुठल्याही कागदावर बसत नाही. दहा टक्क्यांनी ४३ वर्षं. वेग घ्यायला, थांबायला काही वर्षं वरची धर, पन्नास म्हण.

आणि दहा टक्के हे काय मनानं काढलेलं नाही. ब्रिटनमधल्या ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या लोकांनी १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षं बसून डिडॅलस नावाच्या यानाचा आराखडा केला होता, प्रकाशाच्या १२ टक्के वेगानं बर्नार्डच्या ताऱ्याकडं, पन्नास वर्षांत. यानाचं वजन ५४ हजार टन आणि त्यातलं ५० हजार टन नुसतं इंधन! त्यातला हेलियम-३ नावाचा वायू गुरूच्या वातावरणातनं काढून आणायचा होता. आणि एवढं करून त्यात माणूस नाही, आणि ते थांबणारपण नाही, ताऱ्याच्या बाजूनं सुसाट निघून जाणार. ताकदीचा अंदाज हवा असेल तर तू फाउंड्रीत आहेस, महिन्याचं वीजबिल तुझ्याच टेबलावरनं जात असेल. नुसत्या हजार टनाच्या जहाजाला, म्हणजे आत्ताच्या अंतराळ स्थानकाच्या दुपटीहून थोडं जास्त, दहा टक्के वेग द्यायला सगळं जग वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या जवळपास पाऊण हिस्सा लागतो. आणि तेवढीच परत थांबायला. हे गोष्टीत येऊ दे, पाच-सहा ओळींत, कुणी दिली एवढी ताकद, कुणाच्या तोंडातली काढून दिली, हे विचारणारं एखादं पात्र ठेव. इंजिनाबद्दल यापेक्षा जास्त लिहू नकोस मात्र, तुला त्यात रस नाही हे साठ पानांच्या वर्णनावरनंच कळतंय मला.

दहा टक्के का म्हणते त्याचं खरं कारण आता सांगते. नायिका पंचविशीत निघाली तर पोचेल तेव्हा पंच्याहत्तरीची. म्हणजे आज्जीच्या वयाची! बघ की जरा. जी पोरगी आज्जीला सोडून निघाली ती उतरताना स्वतः आज्जी झालेली असणार. आणि लोक म्हणतात ना की वेगानं गेलं की वय वाढत नाही, तर दहा टक्क्यांना ४३ वर्षांत जेमतेम अडीच महिन्यांचा फरक पडतो, त्यामुळं ती पळवाटपण नाही. झोपवून नेण्याची पळवाट मी तरी घेणार नाही, गोठवलेला माणूस अजून कुणी परत उठवलेला नाही, आणि झोपली तर पन्नास वर्षं लिहिणार काय तू.

मग पत्रांचं बघ. ही जागा सगळ्यात मोठी आहे आणि तुझ्या साठ पानांत ती अजून आलेलीच नाही. समज वीस वर्षं झाली, जहाज दोन प्रकाशवर्षांवर आहे. तिनं विचारलं, "आज्जी, भाकरी फुगत नाही, पीठ कसं मळू?" हा मेसेज कोल्हापुरात यायला दोन वर्षं. घरच्यांनी त्याच दिवशी उत्तर पाठवलं, पण तोपर्यंत जहाज आणखी पुढं गेलेलं, उत्तर त्याच्या मागं पळत पळत जाऊन गाठायला आणखी जवळपास अडीच वर्षं. म्हणजे विचारल्यापासून साडेचार वर्षांनी उत्तर, आणि दर वर्षी हा खड्डा वाढत जाणार. निघाल्यावर पहिल्या आठवड्यात दिवसभरात सवाल-जवाब व्हायचा, सहा महिन्यांत महिन्यावर जायचा, मग कधीतरी एक दिवस तिच्या लक्षात येणार की आपण आता प्रश्न विचारणं बंद केलंय, नुसतं सांगतोय. तो दिवस लिही. आणि एखाद्या दिवशी आज्जीचा मेसेज येणार, हसतखेळत, गल्लीतल्या गोष्टी, कुणाचं लग्न ठरलं, पंचगंगेला पूर आला, आणि हिला हिशोब करावा लागणार की हे बोलली तेव्हा ती किती वर्षांची होती, आणि आत्ता आहे का.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत होता, मोबाईलच्या आधीची गोष्ट. आमचे वडील गेले तेव्हा त्याचं जहाज समुद्रात होतं, त्याला कळलं तोवर तेरावंसुद्धा होऊन गेलेलं. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं, आधीच टाकलेलं, वरती "ती. बाबांना सा. न." आणि आत विचारलेलं की गुडघा कसा आहे, तेल लावता का. आई ते पत्र कुणाला वाचू देत नव्हती आणि फेकतपण नव्हती, डब्यात ठेवलं होतं, तांदळाच्या. दोन आठवड्यांच्या अंतराचं हे असं होतं, तुझ्या जहाजाला तर वर्षं आहेत.

आता माणसं किती. चाळीस कमी आहेत. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१८ मधे कॉम्प्युटरवर हिशोब मांडला होता की ६३०० वर्षं प्रॉक्झिमाकडं जायचं झालं तर पिढ्यान्पिढ्या निरोगी राहायला कमीत कमी किती माणसं निघाली पाहिजेत, आकडा आला ९८, पण अट अशी की कुणी कुणाशी मूल करायचं हे नात्यातलं अंतर बघूनच ठरणार. तुझा प्रवास पन्नास वर्षांचा असला तरी तिथं वस्ती करायची असेल तर शंभरेक घे. शंभर माणसं म्हणजे केवढी, एक छोटी गल्ली, एका तालीम मंडळाची वर्गणी देणारी घरं! सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. आणि लग्नाचं बघ, आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न लावायची अजून चाल आहे, तिथं मामाची पोरगी म्हटली की पहिली फुली. कुंडली बघायची तशी रक्ताची यादी बघायची, आणि त्या यादीत नाव न बसलेली दोन माणसं एकमेकांना आवडली तर? तुझ्या नायिकेची मुलगीच त्यातली एक असू दे.

कारण उतरणार ती मुलगी आहे, नायिका नाही. नायिका पंच्याहत्तरीची, तिला आधार देऊन उतरवावं लागेल, नवीन जमिनीवर कुदळ मारणारे हात वाटेत जन्मलेल्यांचे. त्यांना कुणी विचारलं होतं का, येता का म्हणून? ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांबरोबरची पोरं बघितलीयस ना, काही तर इथंच पालावर जन्मलेली, गाव म्हणजे काय ते आईकडनं ऐकलेलं. तसं पोर एखाद्या रात्री विचारेल की तुला रंकाळा सोडून यायचं होतं, तू आलीस, मी कशाला आले? त्याला उत्तर देऊ नकोस गोष्टीत. आईला गप्प बसू दे. तू आज्जीपुढं गप्प बसलीस तशी.

पण निघणाऱ्यांनी तरी का निघावं, असंही वाचणारा विचारेल, जे आपल्याला नीट बघायलासुद्धा मिळणार नाही त्यासाठी जन्म घालवायचा का. त्याला तुला लांब जायला नको, राधानगरीला जा. धरण शाहू महाराजांनी काढलं, गेल्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतच काम सुरू झालेलं, महाराज १९२२ मधे गेले, अर्धवट भिंत तशीच राहिली, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पहिला दगड घडवणाऱ्या पाथरवटानं त्यातलं पाणी बघितलं नसणार. तुझ्या जहाजावर अशा पाथरवटाचा पणतू असू दे, मला फार आवडेल.

तालमीची गोष्ट तू अर्ध्या पानात उरकलीस असं वाटतंय पत्रावरनं, ते करू नकोस, सगळ्यात भारी माल तिथं आहे तुझ्याकडं. पहिलं म्हणजे वजन. वजनाशिवाय माणसाची हाडं महिन्याला एक-दीड टक्का झिजतात, आजवर सलग सगळ्यात जास्त राहिलेला माणूस रशियाचा पोल्याकोव, ४३७ दिवस, १९९४-९५ मधे, तुझ्या लोकांना पन्नास वर्षं काढायचीत. म्हणून जहाज गोल फिरतं ठेवायचं, मिनिटाला दोन फेरे धरले तर मधल्या आसापासून जमीन २२४ मीटरवर पाहिजे, मग पायाखाली पृथ्वीइतकं वजन मिळतं. पण फिरत्या जमिनीवर एक गंमत होते, जागेवर उभी उडी मारली की खाली येताना पाय तीन-चार बोटं बाजूला पडतात. म्हणजे ढाक मारताना, उचलून टाकताना, सगळ्या डावांचा अंदाज परत शिकायला लागणार! वस्तादाचं शिकवणं पृथ्वीवरचं, आणि जहाजावर जन्मलेली पोरं तोच डाव वेगळ्या अंदाजानं मारतात आणि या पृथ्वीवरच्या पैलवान बाईला चितपट करतात. हे कुस्ती खेळणारीच लिहू शकेल, किंवा खासबागेत मैदान बघत वाढलेली.

दुसरं, माती. नायिका तालमीतली लाल माती बरोबर नेणार, हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली, आणि मोठा हौदा करणार, खरं ना? तर ऐक. अमेरिकेत ॲरिझोनामधे बायोस्फीअर-२ नावाचं काचेचं बंद घर बांधलं होतं, आत शेती, जंगल, छोटा समुद्र, १९९१ ते १९९३ दोन वर्षं आठ माणसं आत कोंडून घेऊन राहिली, बाहेरचं काही घ्यायचं नाही. झालं काय, ऑक्सिजन हळूहळू उतरायला लागला, २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला, माणसांना जिना चढता येईना, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण निघालं माती. भरपूर खत घातलेल्या त्या मातीतले जीवजंतू श्वास घेत होते, ऑक्सिजन खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी इमारतीचं काँक्रीट पीत होतं. आठ माणसांत दोन तटपण पडले होते, चार इकडं चार तिकडं. आता तुझ्या जहाजावर हा हिशोब लाव. ताकातेलानं मळलेली माती म्हणजे जिवंत माती, तीपण श्वास घेते. एक दिवस हवेचं बघणारा माणूस येऊन सांगतो की हौदा बंद करायला लागेल, आकडा उतरतोय, आणि तुझी नायिका म्हणते की ही माती माझ्या वस्तादानं कपाळाला लावून दिलीय. शंभर माणसं, दोन तट. मातीचा श्वास थांबावा म्हणून ती भाजून ठेवायची, का शेतात मिसळायची, का तशीच ठेवून सगळ्यांनी थोडा थोडा श्वास कमी घ्यायचा. पन्नास पानं यातनं निघतील तुझी, आणि न्यूयॉर्कवाल्याला यातलं एक पान सुचणार नाही.

जेवणाचं थोडक्यात. मटण नाही, बकरं पोसायला जागा आणि चारा कुठला. पांढरा रस्सा फक्त बोलण्यात राहणार, आणि दुसऱ्या पिढीला तो देवाच्या गोष्टीसारखा वाटणार. मिरची मात्र येते, २०२१ मधे अंतराळ स्थानकावर लावली होती, जुलैत पेरली आणि ऑक्टोबरच्या शेवटी पहिली तोडली, अंतराळवीरांनी खाल्ली. तिखटाची सोय झाली म्हण. पाणी घामाचं, लघवीचं सगळं परत गाळून प्यायचं, स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेलीय.

मैत्रिणीचं म्हणणं मनातनं काढून टाक. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिल्यांदा गोष्ट पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. आणि बक्षीस मिळालं. पन्हाळ्यावर आपल्याच शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे. कोल्हापूरच्या माणसानं ताऱ्यांकडं बघायला परवानगी घ्यायची काय गरज. लाजायचंच असेल तर टोपणनाव घे, गाव बदलू नकोस.

पोचल्यावर काय दिसतं ते पण विचारलं नाहीस, पण सांगते, शेवटाला लागेल. प्रॉक्झिमा हा लहानसा तांबडा तारा, त्याच्याभोवती २०१६ मधे एक ग्रह सापडलाय, वजनानं पृथ्वीच्या थोडा वर, ताऱ्याच्या इतका जवळ की त्याचं वर्ष ११ दिवसांचं. त्या ताऱ्याच्या ज्वाळा मधेच भडकतात, त्यामुळं उतरणं सोपं दाखवू नकोस. आणि रात्री तिथनं आकाश बघितलं तर बरेचसे तारे आपल्यासारखेच दिसतात, एवढं जाऊनसुद्धा नक्षत्रं फारशी मोडत नाहीत. फक्त शर्मिष्ठा, ती इंग्रजी एम सारखी पाच ताऱ्यांची, तिच्यात एक सहावा तारा दिसतो, चांगला ठळक. तो आपला सूर्य. पंच्याहत्तरीची तुझी नायिका मुलीला शर्मिष्ठा दाखवते आणि म्हणते मोज.

भावाशी भांडू नकोस. त्याला हे आकडे दे आणि पत्रांच्या वेळेचं कोष्टक करून माग, कुठल्या वर्षी पाठवलेला मेसेज कुठल्या वर्षी पोचतो, तुला ते लागणारच आहे आणि तो ते मनापासून करेल, इंजिनियर आहे. बँकेची परीक्षा द्यायची तर दे, लिहिणं रात्रीचं आहे तसं राहू दे, नोकरी सोडून लिही असं मी सांगणार नाही, घरात तुझ्या पगाराची गरज असणार. साठ पानांतली पहिली वीस ठेव, निघायच्या आधीची, ती तुझी स्वतःची आहेत असं मला वाटतं. बाकीची बाजूला काढ.

आणि आज्जीला उत्तर द्यायचं राहिलंय. मेच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडून आभाळ धुतल्यावर एखाद्या रात्री तिला पन्हाळ्याला ने, भावाला गाडी काढायला सांग, स्वेटर घे तिच्यासाठी. साडेदहाच्या सुमारास दक्षिणेकडं तोंड करून उभं राहा, हात लांब करून मूठ धरली की क्षितिजापासून मुठीच्या थोडं वर दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी दिसतील, उजवीकडं त्रिशंकू. त्या दोघांतला डावीकडचा, जास्त तेजाचा, तो मित्र. प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातला, पण इतका मंद की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आज्जीला सांग की ती पोरगी तिथं निघालीय, त्या ठिपक्याच्या शेजारी, आणि परत येणार नाही. सरळ सांग. मग ती काय बोलते ते नीट ऐक, घरी आल्या आल्या तिच्याच शब्दांत उतरवून काढ, आणि एकविसावं पान तिथनं सुरू कर. जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिने आहेत तुझ्याकडं.